एकही तक्रार नसलेलं दुकान

"अरे, तोंड काय बघत बसलास त्याचं? तोंड सगळ्यांचंच गोड असतं. पाठ उघड."

हा आवाज अण्णांचा. अण्णा म्हणजे घड्याळकाकांचे वडील. काकांनी तो ऐकला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आता त्यांच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या आहेत, पण आवाज तसाच आहे, तेल दिलेल्या चाकासारखा, कुठेही न अडखळणारा. त्या दिवशी एक गृहस्थ खिशातलं घड्याळ विकायला घेऊन आले होते. सोनेरी तबकडी, निळे काटे, वर मोठ्या कारखान्याचं नाव. नऊ वर्षांचं पोर त्या तबकडीकडे चांदोबाकडे बघावं तसं बघत राहिलं. अण्णांनी मात्र घड्याळ पालथं केलं, पातळ सुरीनं मागचं झाकण उचललं आणि आत बोट दाखवलं. आत भलत्याच कुणाचं, स्वस्तातलं यंत्र बसवलेलं होतं. एकाचं तोंड, दुसऱ्याचं पोट.

"काटा फिरतो तोंडावर, काम चालतं पाठीवर," अण्णा म्हणाले आणि गृहस्थांना चहा न देताच वाटेला लावलं.

त्याच पाठीवर अण्णांची आणखी एक शिकवण कोरलेली असायची. घड्याळ दुरुस्त झालं की पेटीच्या आत, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, सुईनं तिळाएवढा एक आकडा कोरायचा. तोच आकडा वहीत लिहायचा. पुढे काही बिघडलं तर घड्याळाच्या मालकानं नुसता आकडा सांगायचा, की वहीत त्या घड्याळाचा सगळा आजार आणि सगळा इलाज सापडलाच म्हणून समजा. अण्णांची वही संपली तिथून काकांची सुरू झाली. दोघांची मिळून सहासष्ट वर्षं. तेवढ्या वर्षांत घड्याळं परत आली नाहीत असं नाही. यंत्रच ते, कुरकुरणार. पण "तुम्ही आम्हाला फसवलंत" असं म्हणत एक माणूस कधी दारात उभा राहिला नाही. काका सांगायचे, "आमच्याकडे घड्याळ परत येतं, शब्द परत येत नाही."

हे सांगताना त्यांची मान जरा उंच व्हायची. व्हावीच. माणसानं आयुष्यभर वाकून काम केलेलं असलं, तर कधीतरी ताठ होण्याचा हक्क त्याला असतो.

रस्त्यावरचं दुकान गेलं त्याला नऊ वर्षं झाली. खाली आता चष्म्यांचं दुकान आहे, आणि काकांचं सगळं बिऱ्हाड वरच्या दोन खोल्यांत. एका खोलीत घर, दुसऱ्या खोलीत काम. कामाच्या खोलीची उत्तरेकडची भिंत म्हणजे परीक्षेचा वर्ग. दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ तिथे चौदा दिवस टांगायचं, त्यानं चौदा दिवस सरळ चालून दाखवायचं आणि मगच विकायला निघायचं. खोलीत शिरणाऱ्या नव्या माणसाला वाटतं, आत पाऊस पडतोय. टिकटिक टिकटिक टिकटिक.

दुकान गेलं तेव्हा काकांनी हत्यारं तेलात बुडवून ठेवायला घेतली होती. सूनबाईनं ती बाहेर काढली. मुलगा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी येणारा. त्याला घड्याळापेक्षा समुद्र बरा वाटला. सूनबाईनं घड्याळांचे फोटो काढले आणि लिलावाच्या साइटवर खातं उघडलं.

"न बघता, न कानाला लावता घड्याळ घेणारा असा कोण शहाणा आहे?" काकांनी तेव्हा विचारलं होतं.

"आहेत बाबा. दुकान बघून घेत नाहीत, नाव बघून घेतात."

"कुणाचं नाव?"

"तुमचंच. दुसरं कुणाचं आहे इथे?"

नऊ वर्षांत त्या नावावर नऊशे बारा घड्याळं जगभर गेली. प्रत्येकाबरोबर एक कार्ड जायचं: काही अडलं तर पेटीतला आकडा कळवा. आणि प्रत्येक विक्रीपुढे साइटवर एक हिरवी खूण, म्हणजे गिऱ्हाईक खूश. नऊशे बारा घड्याळं, नऊशे बारा हिरव्या खुणा. सूनबाई आधी नुसते फोटो काढायची. मग धूळ पुसायला लागली, मग तेल द्यायला, मग चाकांचे झिजलेले आस घासायला. काका शेजारी बसून बघायचे आणि फार झालं तर म्हणायचे, "ठीक." काकांच्या तोंडचा "ठीक" म्हणजे इतरांच्या घरचं सुवर्णपदक. पण ते तिला कोण सांगणार? काका तर नाहीच.

त्या दिवशी सकाळी सूनबाई एक पार्सल घेऊन पोस्टात गेली होती. काका लॅपटॉपपुढे बसले. एरवी त्यांना त्या डब्याची ओढ नव्हती, पण त्या आठवड्यात होती. माणसाच्या उंचीचं, टोले देणारं एक जुनं घड्याळ लिलावाला लावलेलं होतं. आठ महिने दोघांनी त्याच्यावर घालवले होते. त्याचा लंबक काकांनी सरळ केला होता आणि टोल्यांचं सगळं यंत्र सूनबाईनं एकटीनं बसवलं होतं. लिलाव संध्याकाळी सातला बंद होणार होता. किती जण बघतायत हे बघायचं, पुन्हा बघायचं, आणि कुणाला कळू न देता आनंदायचं, एवढंच काकांचं काम.

अडतीस जण बघत होते.

आणि वरच्या कोपऱ्यात एक नवा मेल आला होता. वर साइटचं चिन्ह, साइटचेच रंग.

"प्रिय विक्रेता, तुमच्याकडून घेतलेली वस्तू नकली निघाली. तीनदा लिहूनही तुम्ही उत्तर दिलं नाही. तुमच्यासारख्या भामट्यांना इथे धंदा करू देऊ नये असं मी साइटला कळवलं आहे."

खाली चौकटीत लिहिलं होतं: चोवीस तासांत उत्तर न आल्यास आपलं खातं बंद करण्यात येईल आणि चालू असलेले सर्व लिलाव रद्द होतील. त्याखाली पिवळी पट्टी. उत्तर द्या.

काकांना पहिल्यांदा वाटलं, भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम थांबली. थांबली नव्हती, त्यांच्या कानात रक्त चढलं होतं. भामटे. अण्णांच्या वहीला, सुईनं कोरलेल्या त्या तिळाएवढ्या आकड्यांना कुणीतरी भामटे म्हटलं होतं. पायात काटा रुतलेल्या माणसाला वाट दिसत नाही, फक्त काटा दिसतो. काकांना फक्त ती पिवळी पट्टी दिसली.

त्यांनी ती दाबली.

पान उघडलं. नाव मागितलं, नाव दिलं. पासवर्ड मागितला. पासवर्ड काकांना पाठ नव्हता, पण सूनबाईनं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला होता. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक अक्षर चिमट्यानं उचलावं तसं उचलून नीट बसवलं. मग उत्तराच्या चौकटीत दोन बोटांनी चार ओळी लिहिल्या. सहासष्ट वर्षांत आम्हाला असं कुणी बोललेलं नाही, घड्याळ परत पाठवा, पैसे परत घ्या, पण शब्द परत घ्या. पान जरा फिरलं, "धन्यवाद" म्हणालं, आणि पुन्हा साइटचं नेहमीचं पहिलं पान समोर आलं. काही झालंच नाही असं.

काकांनी सवयीनं भिंतीकडे पाहिलं. नऊ वाजून बारा मिनिटं.

जिन्यावर चपला वाजल्या. सूनबाई आली ती पदरानं कपाळ पुसतच.

"पोस्टातल्या बाईंनी तीनदा विचारलं, आत काही फुटणारं आहे का. म्हटलं, फुटणारं नाही, टिकटिक करणारं आहे. घाबरल्या बिचाऱ्या." मग तिचं लक्ष काकांकडे गेलं. "काय हो बाबा? चेहरा का असा?"

काकांनी बोट पुढे केलं. पडद्यावर त्यांनी पुन्हा तोच मेल उघडून ठेवला होता.

सूनबाईनं उभ्या उभ्याच वाचला आणि हसली. काका बघतच राहिले. असं वाचून माणूस हसतं?

"आला का आपल्याकडेही," ती म्हणाली. "मला वाटलं, आपल्याला विसरले."

"कोण?"

"भामटे."

"अगं, भामटे ते आपल्याला म्हणतायत."

"तेच तर. चोराच्या उलट्या बोंबा." तिनं स्टूल ओढलं. "बाबा, हे साइटचं पत्रच नाही. कुणीतरी साइटचा मुखवटा घातलाय."

काका म्हणाले एवढंच, "कशावरून?"

"तबकडी झकास आहे, नाही? चिन्ह तेच, रंग तेच. आता पाठ उघडू या."

काका दचकले. अण्णा गेले तेव्हा ही या घरात आलीही नव्हती. म्हणजे हे शब्द तिनं काकांच्याच तोंडून, कधीतरी, येता-जाता उचलले होते.

"हे बघा. वर पाठवणाऱ्याचं नाव साइटचं दिसतंय. ते कुणीही लिहू शकतो, तबकडीवर नाव रंगवण्यासारखंच आहे. पण नावावर टिचकी मारली की आतला पत्ता दिसतो. दिसला? ह्यात साइटचं नाव कुठे तरी आहे का? नुसती अक्षरांची सरमिसळ." तिनं बाण पिवळ्या पट्टीवर नेला. काकांचा हात आपोआप पुढे झाला. "नाही, दाबत नाहीये. दाबायचंच नाही. बाण नुसता वर ठेवायचा. आता खाली कोपऱ्यात बघा, ही पट्टी आपल्याला कुठे नेणार ते उमटलंय. वेगळंच गाव. आपल्या साइटशी त्याचा काडीचा संबंध नाही."

काकांनी पाहिलं. एकाचं तोंड, दुसऱ्याचं पोट.

"आणि तिसरं. आपण ह्या दारानं जायचंच नाही. साइटचा पत्ता आपण आपल्या हातानं लिहायचा, आपल्या दारानं आत जायचं." ती बोलता बोलता तसं करतही होती. "खऱ्या गिऱ्हाइकानं काही लिहिलं असेल, तर ते इथे, साइटच्या आतल्या पेटीतही असतंच. ही बघा पेटी. रिकामी. तीनदा लिहिलं म्हणतोय, एकदाही लिहिलेलं नाही."

"आणि आकडा नाही," काकांच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"आपल्या घड्याळाची तक्रार, आणि आतला आकडा दिलेला नाही. नऊ वर्षांत ज्यानं ज्यानं लिहिलं, त्यानं आकडा दिला. याला घड्याळ कुठलं तेही माहीत नाही. वस्तू म्हणतो. घड्याळाला वस्तू कोण म्हणतं? ज्याला ते मिळालेलंच नाही, तो."

सूनबाईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत असा काही उजेड आला, की काकांना तिकडे बघवेना.

"हे मला सुचलंच नव्हतं बाबा. हे सगळ्यात पक्कं."

पक्कं होतं. पण केव्हा? गाडी निघून गेल्यावर वेळापत्रक पाठ झालं तर त्याचा काय उपयोग? काकांची छाती भरून आली होती. पोरीनं पाठ अशी उघडली होती की अण्णांनीही मान डोलवली असती. आणि त्याच भरल्या छातीत एक खिळा होता. त्यांना आत्ता सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. तिनं नुसतं विचारलं असतं, बाबा, तुम्ही दाबलं नाहीत ना, तरी त्यांनी सांगितलं असतं. पण तिनं विचारलं नाही. तिच्या मनात तशी शंकाच आली नाही.

ती चहा ठेवायला आत गेली, तेव्हा काकांनी पासवर्ड आपला आपणच बदलायचा ठरवलं. कुणाला कळणारही नाही. त्यांनी इथे दाबून पाहिलं, तिथे दाबून पाहिलं. एकदा सगळी अक्षरं फार मोठी झाली, एकदा पान परकीय भाषेत बोलायला लागलं. तिळाएवढ्या चाकात केसाएवढी कमान बसवणारी बोटं त्या काचेवर आंधळ्यासारखी फिरत राहिली. कपबशीचा आवाज आला तसे काका हात मांडीवर घेऊन बसले, चोरासारखे.

चहा अर्धा झाला नाही तोच दारात कॅमेरेवाला उभा. समोरच्या इमारतीत राहतो, जुने कॅमेरे दुरुस्त करून त्याच साइटवर विकतो. माणूस कामाचा चोख, बोलायला तिखट. त्याच्यामागून दम खात बटणवाल्या मावशी आल्या. मावशी तळमजल्यावरच्या. त्यांच्याकडे जुन्या कोटांची, झग्यांची, गणवेशांची बटणं बरण्यांत भरून ठेवलेली, आणि देशोदेशीच्या शिंपिणी त्यांच्या गिऱ्हाईक.

"वहिनी, एक मेल आलाय," कॅमेरेवाला म्हणाला. "मला भामटा म्हणतोय. आता खरं म्हणजे मी आहे थोडासा, पण याला कसं कळलं?"

"मलासुद्धा भामटी," मावशी खुर्चीत बसत म्हणाल्या. "वयाच्या सत्तराव्या वर्षी. बटणं नकली म्हणे. बटण नकली कसं असतं? लागलं तर लागलं, नाही तर पडलं."

सूनबाईनं तिघांचे मेल शेजारी शेजारी लावून दाखवले. शब्दाला शब्द तोच. घड्याळ, कॅमेरा, बटण, सगळ्यांना वस्तू. मग तिनं तेच सगळं पुन्हा सांगितलं: आतला पत्ता, पट्टीखालचं गाव, आपल्या हातानं आपलं दार. या वेळी काकांनी तिचा आवाज ऐकला, नुसता आवाज. ती घाई करत नव्हती. मावशींना कळलं नाही तिथे ती थांबायची, कॅमेरेवाला पुढे पळाला की त्याला मागे ओढायची. शिकवताना काका असे नव्हते. काका एकदा सांगायचे, दुसऱ्यांदा विचारलं की भिंग डोळ्यावर ओढायचे. हिला कुणी शिकवलं असं शिकवायला?

"पण समजा, दाबलंच कुणी," कॅमेरेवाला म्हणाला. "मग?"

"नुसतं दाबलं तर एवढं नाही. पासवर्ड दिला की मात्र किल्ली चोराच्या हातात. मग तो आपल्या दुकानात, आपल्या पाटीखाली बसतो. पैसे कुठे जमा व्हायचे तो पत्ता बदलतो, नसलेल्या गोष्टी विकायला मांडतो, आणि शेवटी आपल्यालाच बाहेर काढून कडी लावतो. लोक शिव्या देतात त्या आपल्या नावानं."

"मग मेलाच की माणूस."

"कशाला मरतोय? चोर लगेच येतोच असं नाही. त्याच्याकडे अशा हजार किल्ल्या आलेल्या असतात, एकेक करून लावून बघतो. तेवढ्यात आपण कुलूप बदललं की त्याची किल्ली गेली वाया. दोन मिनिटांचं काम आहे. पलीकडच्या गल्लीतला खेळणीवाला माहीत आहे ना? त्यानंही दाबलं होतं. लाजेनं दोन दिवस गप्प राहिला. बायकोलासुद्धा बोलला नाही. दाबल्यानं नाही बुडला तो, गप्प राहिल्यानं बुडला."

काका भिंतीवरच्या टिकटिकीत मिनिटं मोजत होते. आयुष्यभर दुसरं केलंय काय त्यांनी? नऊ बारापासून आता चाळीस मिनिटं झाली होती. उत्तरेच्या भिंतीपाशी ते टोलेवालं घड्याळ उभं होतं, आपला आठ महिन्यांचा श्वास छातीत घेऊन. संध्याकाळी सातला ते कुणाचं तरी व्हायचं होतं. किंवा तोवर दुसऱ्याच कुणीतरी त्याला विकून टाकलेलं असायचं, त्यांच्या नावाखाली, अण्णांच्या नावाखाली.

"तेव्हा कुणी दाबलं असेल तर आत्ता सांगा," सूनबाई म्हणाली. "इथे लाजायचं कारण नाही."

"मावशींनी दाबलं असेल," कॅमेरेवाला म्हणाला. "घाबरून, दोनदा."

"तुझा पाळणा मी हलवलाय, मला शहाणपण शिकवू नकोस. मला चष्माच सापडत नव्हता. नुसतं नकली आणि भामटी एवढं वाचलं आणि तशीच वर आले."

"बरं, मग काकांनी?"

तो थट्टेनंच बोलला होता. मावशीही हसल्या. काकांनी काही म्हणायच्या आत सूनबाईच म्हणाली, "बाबांना कोण फसवणार? बाबांनी आजवर एकदा तरी नुसतं तोंड बघून घड्याळ घेतलंय का? मी हे जे बोलतेय ना, ते साइटनं नाही शिकवलं मला. मेलमध्ये खोट कशी शोधायची ते इथे, या बाकावर, यांच्या शेजारी बसून शिकले. कारण यांनी कधी सोडलंच नाही. पाठ उघड, पाठ उघड. शेवटी माझी बोटं आपोआप उघडायला लागली."

"खरंय," कॅमेरेवाला म्हणाला. "काका, तुमच्या हाताखाली हिरा तयार झाला हो."

तिघं काकांकडे बघत होते. काकांनी मान हलवली. हो अशीही नव्हती ती, नाही अशीही नव्हती. पण बघणाऱ्यांनी तिचा जो अर्थ घेतला तो खोटा होता, आणि काकांनी तो घेऊ दिला.

मग चहाचे कप गोळा झाले. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. कॅमेरेवाल्यानं चपला पायात सरकवल्या आणि खेळणीवाल्यालाही आता शिकवायला पाहिजे, बिचाऱ्याला, असं काहीतरी बोलत तो दाराकडे वळला. सूनबाई टोलेवाल्या घड्याळापाशी गेली आणि त्याच्या काचेवरचा न दिसणारा बोटाचा डाग पदरानं पुसायला लागली. पुसता पुसता ती गुणगुणत होती. आपल्या सासऱ्याची चारचौघांत थोरवी सांगून झालेली, तिचा चेहरा असा निवलेला होता की काकांना वाटलं, हा एवढ्या मोठ्या मापाचा सदरा तिनं आपल्या अंगावर घातलाय आणि आपण आत कुठेच पुरत नाही. त्यांना आयुष्यात पुष्कळांनी वाखाणलं होतं. आजच्याइतकं कुणी नाही. आणि आजच ते त्यांचं नव्हतं.

"थांबा," काका म्हणाले.

आवाज जरा मोठा निघाला. कॅमेरेवाला उंबऱ्यातच उभा राहिला, मावशींनी कठडा धरला.

काकांनी कपाळावरचं भिंग काढून बाकावर ठेवलं. "सूनबाई, तो पासवर्ड बदल. आधी बदल. मग बोलू."

सूनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिनं कारण विचारलं नाही. फडकं तिथेच टाकून ती लॅपटॉपपुढे बसली. तिची बोटं चालायला लागली. काकांना जे पान मघाशी सापडलं नव्हतं ते तिला एका दमात सापडलं. नवा पासवर्ड तिनं घातला, पुन्हा घातला. मग दुसरं पान उघडलं, आज खात्यात कोण केव्हा आलं त्याची यादी त्यावर होती. ती वरपासून खालपर्यंत वाचून काढली. पैसे कुठे जमा व्हायचे तो पत्ता पाहिला. भिंतीवरचा मोठा काटा तेवढ्यात दोन घरं पुढे सरकला.

"बदलला," ती म्हणाली. "आत कुणी आलेलं नव्हतं. सगळं जागच्या जागी आहे."



सूनबाईची नजर बाकावरच्या वहीकडे गेली. वही शेवटच्या पानावर उघडी होती. मग तिनं ती सहज मिटल्यासारखी मिटली आणि दाराकडे वळून म्हणाली, "बरोबरच आहे बाबांचं. सावधगिरी म्हणून बदललेला बरा. तुम्ही दोघांनीही बदला."

एवढ्यावर भागलं असतं. दार उघडं होतं, जिना खाली जात होता, आणि तिनं सासऱ्यासाठी शब्दांचं एक मऊ पांघरूण पसरून ठेवलं होतं. काकांनी फक्त त्यात शिरायचं होतं. मावशींनी पहिली पायरी उतरायला पाय उचललाही.

काका उठून उभे राहिले. बाकापाशी वाकून वाकून गोल झालेली पाठ त्यांनी जेवढी जमली तेवढी सरळ केली.

"सावधगिरी नाही," ते म्हणाले. "सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी मी ती पट्टी दाबली. वहीत बघून पासवर्ड दिला, भिंग लावून, एक अक्षर न चुकता. वर त्या भामट्याला चार ओळींचं पत्रही लिहिलं. मघाशी तुमच्यासमोर मान हलवली, ती खोटी हलवली." मग ते सूनबाईकडे वळले. "आणि जे तू उभ्या उभ्या ओळखलंस, ते मला खुर्चीत बसून कळलं नाही. तू माझ्या पुढे गेलीयस, पोरी. टोल्यांचं यंत्र बसवलंस तेव्हाच मला ते कळलं होतं. मी नुसतं ठीक म्हणालो. ठीक नव्हतं ते. इतकं सुंदर काम मी दुसऱ्या कुणाच्या हातचं पाहिलेलं नाही."